तीन मजल्यांचा जिना, दिवा एकच

तिन्ही मजल्यांवरून एकच दिवा लावता-विझवता यावा, म्हणून ही जोडणी. आधी खरेदी. पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलास की खालच्या आणि वरच्या मजल्यासाठी दोन टू-वे स्विच आणि मधल्या मजल्यासाठी एक इंटरमीडिएट माग. टू-वेला तीन टर्मिनल असतात, इंटरमीडिएटला चार. मोजूनच घे, कारण बाहेरून सगळे स्विच सारखेच दिसतात.

फेज (वीज आणणारी वायर) खालच्या टू-वेच्या कॉमनला द्यायचा; कॉमन म्हणजे आळीपाळीने बाकीच्या दोन टर्मिनलांपैकी एकाला जोडलं जाणारं टर्मिनल. वरच्या टू-वेच्या कॉमनवरून एक वायर दिव्याच्या होल्डरला. दोन्हींचे उरलेले दोन-दोन टर्मिनल दोन वायरींनी जोडायचे. इंटरमीडिएट याच दोन वायरींच्या मध्ये बसतो: एकदा सरळ जोडतो, एकदा उलटसुलट. म्हणून कुठूनही दाबलं तरी दिव्याची स्थिती बदलते. उद्या गच्चीतही स्विच हवा झाला, तर आणखी एक इंटरमीडिएट, बस्स. कॉमन मधलाच असेल असं धरून चालू नकोस, मल्टिमीटर लावून बघ. नवशिक्यांचे निम्मे घोळ इथेच होतात.

न्यूट्रल (परतीची वायर) थेट होल्डरला. तो स्विचमधून तोडलास तर दिवा विझेल, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतील.

माझी फजिती सांगतो. वायर वाचवायला मी फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरचा घेतला. दिवा लावला की आरसीसीबी (करंट गळतोय असं दिसलं की वीज तोडणारा स्विच) पडायचा! जाणारा आणि परतणारा करंट जुळेना. दोन्ही एकाच सर्किटचे घे.

एमसीबी (त्या सर्किटची वीज तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) पाडून, वीज नाही याची टेस्टरने खात्री केल्याशिवाय स्विचची पट्टी उघडू नकोस, आणि शेवटची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घे.