सादोच्या खाचरांत काम करू इच्छिणाऱ्या कुडाळकरास

आपण कुडाळकडचे, शेतीची पदविका घेतलेले. ‘विशेष कौशल्य’ व्हिसावर जपानला येऊन सादो बेटावरच्या डोंगरउतारावरील भातखाचरांत काम मिळेल का आणि तिथली जुनी शेतीपद्धती जवळून पाहता येईल का, असे आपण विचारले आहे. मी निइगाता प्रांतात राहतो आणि समोरच्या सादोवर माझे जाणे-येणे असते. पाहायला अवश्य मिळेल; त्या खाचरांत पगाराची नोकरी मात्र बहुधा मिळणार नाही, आणि बेत आखण्याआधी हे स्पष्ट असलेले बरे.

कारण असे की ही खाचरे मुळात दुसऱ्याच अर्थव्यवस्थेसाठी खोदली गेली. १६०१ मध्ये आइकावा येथे सोने सापडल्यावर बेटाची वस्ती झपाट्याने वाढली, तांदूळ कमी पडू लागला आणि शेती मैदान सोडून डोंगरावर चढत गेली. खाण १९८९ मध्ये बंद झाली. इवाकुबीसारख्या गावांची खाचरे उरली. ती आज मुख्यतः वयस्कर कुटुंबे कसतात. यंत्र नीट वळत नाही अशा तुकड्यांतून त्यांचे स्वतःचेच जेमतेम भागते, मग गडी कुठून ठेवणार? नोकऱ्या मिळतात त्या मोठ्या भातकंपन्यांत, भाजीपाल्यात, दुग्धव्यवसायात, आणि बऱ्याचशा बेटाबाहेर.

तरीही सादोची शेती अभ्यासण्याजोगी आहे, ती तोकी पक्ष्यामुळे. गुलाबी पंखांचा हा आयबिस जपानच्या रानांतून नाहीसा झाला होता. २००८ मध्ये तो सादोवर पुन्हा सोडण्यात आला आणि त्याच सुमारास त्याला पोसणाऱ्या तांदळासाठी प्रमाणपत्राची योजना सुरू झाली. रासायनिक खते व कीटकनाशके नेहमीच्या निम्म्यावर आणायची, बांधावर तणनाशक मारायचे नाही, वर्षातून दोनदा खाचरातील जीव मोजायचे, अशा तिच्या अटी आहेत. भर हंगामात खाचर वाळवण्याची इथली रीत आपल्याकडच्या शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल. त्या दिवसांत बेडकांची पिल्ले व मासे जगावेत म्हणून कडेने एक खोल चर पाण्याने भरलेला ठेवतात. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नोतो द्वीपकल्पासह सादोला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली, ती जपानमधील पहिलीच. मात्र तणनाशक नाही याचा अर्थ उन्हाळाभर यंत्र खांद्याला अडकवून बांधांचे गवत कापणे, आणि छायाचित्रांत न दिसणारे ते काम मला या सगळ्यातले सर्वांत खडतर वाटते.

पाहायला यायचे तर मे महिन्यात, लावणीला यावे. किताउशिमा येथे तेव्हा कुरुमादाउए होते: स्त्रिया मध्यापासून बाहेर चक्राकार सरकत रोपे लावतात. एप्रिलच्या मध्यावर अनेक वाड्यांत ओनिदाइको, म्हणजे राक्षसाच्या मुखवट्याचे ढोलनृत्य, घरोघर फिरते. तेही चुकवू नये.

व्हिसाचे सांगायचे तर, पहिल्या श्रेणीत जपानी भाषेची एन-४ (प्राथमिक पातळीची) किंवा तत्सम परीक्षा आणि शेतीची कौशल्यचाचणी द्यावी लागते, एकूण मुक्काम सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंतचा असतो आणि कुटुंब सोबत आणता येत नाही. २०२३ पासून शेतीसाठी दुसरी श्रेणीही खुली झाली असून तिच्यात ते आणता येते. माझ्या मते आधी मुख्य भूमीवरच्या भातकंपनीत काम धरावे आणि सुट्टीत सादोला जात राहावे. एन-४ वर परीक्षा निभावते, पण पाटाची साफसफाई ठरवण्याच्या गावबैठकीत बसायला ती पुरत नाही. त्या बैठकीत आपले नाव घेतले जाऊ लागले की जमीन व रिकामे घर यांची माहिती आपोआप कानावर येते. शेतजमिनीसाठीची किमान क्षेत्राची अट एप्रिल २०२३ मध्ये रद्द झाली असली तरी स्थानिक कृषी समितीची परवानगी अजूनही लागते.

बेटावर मोटारीवाचून चालत नाही, कारण डोंगरवाड्यांकडे बस क्वचितच जाते. भारतीय परवाना इथे बदलून घेताना तो मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचे दाखवावे लागते. तेव्हा आपल्याकडे परवाना नसेल तर भाषेच्या वर्गासोबतच तोही आताच काढून ठेवावा.