उत्तर: अपघातानंतरचं डिप्रेशन, शवासनातली धडधड आणि इगतपुरी

तुझी पोस्ट सकाळीच वाचली, पण हे घाईत लिहिण्यासारखं नाही म्हणून आता स्वयंपाक आटपून निवांत बसलेय.

मला समजलं ते असं, काही चुकलं असेल तर सांग. दोन वर्षांपूर्वी बोरघाटात तुमच्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली, तू आणि तुझा भाऊ वाचलात, हाडंही जुळली, पण तेव्हापासून ट्रकचा हॉर्न वाजला की हातपाय गार पडतात, पहाटे तीनला जाग येते आणि गेल्या वर्षापासून कशातच मन लागत नाही. सायकियाट्रिस्टनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आणि डिप्रेशन सांगून गोळ्या सुरू केल्या, त्याने रडणं थांबलं पण दचकणं तसंच राहिलं. सोसायटीतल्या योगा क्लासमध्ये आसनं छान जमतात, शवासनात मात्र छाती एवढी धडधडते की उठून पळावंसं वाटतं. सासूबाई म्हणतात गोळ्या बंद कर आणि इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ये. आणि तू विचारलंयस की शरीराच्या वाटेने मनावर उपचार हे खरंच होतं का, की नुसतं फॅड आहे.

होतं गं, खरंच होतं. पण कुठला उपाय, किती आणि कशाच्या आधी, यावर सगळं अवलंबून आहे आणि तिथेच आपल्याकडे घोळ होतो, कारण ज्याला त्याला आपल्याला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पूर्ण डोसमध्ये द्यायचा असतो.

मी कशाच्या जोरावर बोलतेय ते सांगते. मी बरीच वर्षं योगाचे वर्ग घेते, आणि २०२१ ला कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझा नवरा गेला. आत जाऊ देत नव्हते, नर्स व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या, त्याचा चेहरा मास्कमागे आणि मागे सतत मॉनिटरचं बीप बीप. नंतर घरात मायक्रोवेव्ह वाजला तरी माझा श्वास अडकायचा. दुसऱ्यांना प्राणायाम शिकवणारी मी, डोळे मिटून दोन मिनिटं बसू शकत नव्हते. त्यामुळे तुझं शवासनाचं वाचून अजिबात नवल वाटलं नाही, आणि तुझ्यात काही कमी आहे असं तर मुळीच नाही.

शवासनात काय होतं बघ. उताणं पडायचं, पोट-छाती उघडी, डोळे मिटलेले, दिवे बंद, हलायचं नाही, आणि कुणीतरी आवाज न करता मागून फिरतंय. ज्याला मागून धडक बसलीय त्या शरीराला ही विश्रांती वाटेल कशी? ते जास्तच सावध होतं. त्यात शिक्षक सांगतात, लक्ष हृदयाकडे न्या. लक्ष नेलं की ठोके मोठे ऐकू येतात, मेंदू त्याचा अर्थ धोका असा लावतो, ठोके अजून वाढतात आणि चक्र सुरू. शांत बसवल्यावर जास्त घाबरणारी माणसं असतात हे मानसोपचारातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, आपल्या योगा क्लासपर्यंत ते अजून फारसं पोचलेलं नाही एवढंच.

आणि तरीही ट्रॉमासाठी, म्हणजे अशा मानसिक धक्क्यासाठी, योगाचा पुरावा आहे, म्हणून तर योगा सोडू नकोस म्हणतेय. बॉस्टनचे सायकियाट्रिस्ट बेसेल व्हॅन डर कोक यांच्या गटाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, इतर उपचारांनी बरा न झालेला जुना पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रिया, १० आठवडे, आठवड्यातून एक तास. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के बायका पीटीएसडीच्या निकषात बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटात, जिथे स्त्रियांच्या आरोग्यावरचे वर्ग घेतले होते, तिथे हे प्रमाण २१ टक्के होतं. पण तो योगा कसा होता ते महत्त्वाचं. शिक्षक कुणाच्या अंगाला हात लावून आसन सुधारत नाहीत, "हात वर घ्या" असं हुकमी न म्हणता "हवं असेल तर हात वर घेऊन बघा, नाहीतर मांडीवर राहू दे" असं म्हणतात, डोळे उघडे चालतात, मधेच थांबलं तरी चालतं. म्हणजे आसन किती परफेक्ट आलं याला तिथे किंमत नाही. माझ्या शरीराचं काय करायचं ते मी ठरवतेय, हा अनुभव पुन्हा पुन्हा मिळणं हाच उपचार, कारण अपघाताच्या त्या क्षणी नेमकं तेच हातातून गेलेलं असतं.

माझ्या वर्गात एक जण येते, तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. ती दाराजवळच्या भिंतीला पाठ टेकून बसते. बाकी सगळे शवासनात जातात तेव्हा ती कुशीवर वळते, गुडघे थोडे पोटाशी, एक हात गालाखाली, डोळे उघडे आणि नजर खिडकीच्या गजांवर. सुरुवातीला तिचा जबडा एवढा आवळलेला असायचा की गालाची शीर दिसायची. आता कधीकधी तिचे डोळे आपोआप मिटतात, पुन्हा उघडतात. मी तिच्या बाजूने चालत नाही, आणि चालायचंच असलं तर आधी सांगते की मी आता खिडकीकडे जातेय. तूही तुझ्या योगा टीचरना क्लासच्या आधी बाजूला घेऊन सांग की मला हात लावू नका आणि शवासन मी बसून किंवा कुशीवर करेन. कारण द्यायची गरज नाही, "डॉक्टरांनी सांगितलंय" पुरे. एवढं ऐकून घेत नसतील तर क्लास बदल.

आता श्वास. लोक तुला कपालभाती सांगतील, भस्त्रिका सांगतील. सध्या नको. जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि हे सगळं हुबेहूब पॅनिकसारखं वाटतं. कुंभकही नको, श्वास कोंडला की तुझं शरीर घाबरणारच. तुला हवाय लांब उच्छ्वास. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची रोजची रीत आहे, व्हेगस नावाच्या नसेचं काम. म्हणून घ्यायला कमी वेळ आणि सोडायला जास्त, मोजायचा कंटाळा आला तर भ्रामरीचा म्‌म्‌म् आवाज काढत सोड. डोळे उघडे ठेवूनही भ्रामरी होते, कान बंद करायलाच हवेत असं नाही. इटलीतल्या डॉक्टरांचा २००१ चा एक छोटा अभ्यास मला फार आवडतो, त्यांनी काही जणांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि "ओम मणिपद्मे हुम्" म्हणायला लावलं, दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही सुधारली. तुला देवाधर्माचं आवडत असेल तर एखादा हरिपाठाचा अभंग संथ आवाजात म्हण, ओळ संपेपर्यंत श्वास आपसूकच लांबतो. नसेल आवडत तर आवडीचं कुठलंही संथ गाणं गुणगुण.

सुदर्शन क्रिया, म्हणजे वेगवेगळ्या लयीत श्वास घ्यायची पद्धत, तिच्याबद्दल तू विचारलं नाहीस पण कुणीतरी खाली लिहीलच. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, तीव्र डिप्रेशनच्या ४५ रुग्णांचे तीन गट, चार आठवडे. ईसीटी म्हणजे शॉक ट्रीटमेंटच्या गटात ९३ टक्के बरे झाले, इमिप्रामिन या डिप्रेशनवरच्या गोळीच्या गटात ७३ आणि सुदर्शन क्रियेच्या गटात ६७. लोक यातलं एवढंच सांगतात की क्रिया गोळीच्या जवळपास पोचली. ते खरंच आहे आणि मोठी गोष्ट आहे, पण ते रुग्ण हॉस्पिटलमध्ये भरती होते, रोज डॉक्टर बघत होते, आणि त्यांना डिप्रेशन होतं, तुझ्यासारखा अपघाताचा ट्रॉमा हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. त्यात वेगाने श्वास घ्यायचा भाग आहे, तो तुला आत्ता झेपेल असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा हलणं बघ. जेम्स गॉर्डन नावाच्या अमेरिकन सायकियाट्रिस्टनी युद्धानंतरच्या कोसोवोमध्ये पीटीएसडी असलेल्या ८२ मुलामुलींबरोबर काम केलं, १२ बैठका, त्यात पोट सैल सोडून श्वास, अंग झटकणं, नाच, चित्र काढणं, कल्पनेतून काम, आणि हे सगळं चालवलं तिथल्या शाळेच्या शिक्षकांनी, अर्थात प्रशिक्षण आणि देखरेख होती. २००८ मध्ये निकाल आले, मुलांची लक्षणं बरीच कमी झाली होती. घरी एवढं करून बघ: चप्पल काढून उभी राहा, गुडघे किंचित सैल, आणि हात-खांदे-पाय झटकत राहा, लाज वाटत असेल तर दार लावून घे. मग थांब आणि तळपायाला फरशी कशी लागतेय ते बघ, गार, खडबडीत, जे असेल ते. हॉर्नने हातपाय गार पडतात ना, त्याच्या नंतर लगेच हे करायचं. रस्त्यात असशील तर नुसते तळपाय जमिनीवर दाबायचे आणि समोरच्या दुकानाच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या.

हे सगळं झालं रोजचं सांभाळणं. मूळ आठवणीवर काम करायचं तर माझं स्पष्ट मत आहे की तू ईएमडीआर (नजर डावी-उजवीकडे नेत त्रासदायक आठवणीवर काम करायची थेरपी) करणारा थेरपिस्ट शोध. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) हिच्या बरोबरीने ईएमडीआरचं नाव घेतलंय. आधी तयारीच्या बैठका होतात, मग आठवणीतलं सगळ्यात वाईट चित्र मनात धरायचं आणि थेरपिस्टच्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे न्यायची, किंवा दोन्ही हातांवर आलटून पालटून टॅपिंग. मधे मधे थांबून काय आलं ते सांगायचं, सगळी कहाणी उलगडून सांगावी लागत नाही. मी ईएमडीआर केलं तेव्हा माझ्या हातात दोन छोटे थरथरणारे गोटे दिले होते, एकदा डावा, एकदा उजवा. आधी नवऱ्याचा मास्कवाला चेहराच यायचा. मग एका बैठकीत अचानक आमच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतानाचा तो आला, आणि मी खूप रडले. मायक्रोवेव्ह अजून वाजतो, तो आठवतोही, पण श्वास अडकत नाही. डोळे हलवण्यानेच फरक पडतो का यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पेशंटला फायदा होतो याबद्दल तेवढे नाहीत. तुझ्यासारखा मोठेपणी झालेला एकच अपघात असेल तर लहानपणापासूनच्या छळापेक्षा काम सहसा लवकर होतं. थेरपिस्टला पहिल्या फोनवरच विचार की ईएमडीआरचं रीतसर ट्रेनिंग झालंय का आणि देखरेखीखाली काम करता का. पहिल्याच दिवशी अपघातात शिरायला लावणारा असेल तर दुसरा बघ.

डिप्रेशनच्या बाजूने, चालणं. साधं वाटतं, पण २०२४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०० हून जास्त प्रयोगांचा एकत्र आढावा आला, त्यात चालणं-धावणं, योगा आणि वजनांचे व्यायाम यांचा चांगला परिणाम दिसला. सकाळच्या उजेडात, भावाला बरोबर घेऊन, ट्रकचा रस्ता टाळून. आणि बी-१२ आणि थायरॉइड तपासलंस का? शाकाहारी असशील तर बी-१२ नक्की तपास, तिथे कमतरता असेल तर कितीही प्राणायाम केला तरी थकवा हटणार नाही. माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायला शिकवणारा, आठ आठवड्यांचा एमबीसीटी कोर्स चांगला आहे, पण तो मुख्यतः पुन्हा पुन्हा डिप्रेशन येणाऱ्यांसाठी, बरं वाटल्यावर परत घसरू नये म्हणून बनवलाय. तो पुढे बघू.

गोळ्या मनाने बंद करू नकोस, प्लीज. एकदम सोडल्या की गरगरणं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, चिडचिड, झोपेचा सत्यानाश, आणि मग घरचे म्हणतात बघ सवय लागली होती. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. गोळीने रडणं थांबलं म्हणूनच तू क्लासला जाऊ शकलीस, हेही लक्षात घे. आणि कधी जगणं नकोसं वाटलं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर तेव्हा श्वासबिस करत बसायचं नाही, घरातल्या कुणाला तरी उठवायचं आणि डॉक्टरांना किंवा टेलिमानसच्या १४४१६ ला फोन लावायचा, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहिलं इगतपुरी. तिथलं विपश्यना केंद्र, धम्मगिरी, १९७६ पासून आहे, ते सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींबद्दल मला मनापासून आदर आहे, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं तिथे भलं झालंय. पण दहा दिवस मौन, फोन नाही, रोज दहाएक तास डोळे मिटून शरीरातल्या संवेदना बघायच्या, आणि तू आत्ता पाच मिनिटं शवासनात राहू शकत नाहीस. पायाचं प्लास्टर काढलं की दुसऱ्या दिवशी सिंहगड चढायला नेत नाहीत, सासूबाईंना हेच सांग. शिवाय केंद्राच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतात, आणि हा कोर्स वैद्यकीय किंवा मानसोपचाराच्या ऐवजी नाही असं तेही स्वतः सांगतात. सासूबाईंना तो अर्ज वाचायला दे, माझ्यापेक्षा केंद्राचं ऐकतील. लपवून अर्ज भरायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. आणि पुढच्या वेळी सायकियाट्रिस्टकडे जाशील तेव्हा शक्य असेल तर सासूबाईंनाच बरोबर ने, गोळ्यांबद्दल काय विचारायचं ते त्यांना थेट विचारू दे. ईएमडीआरसाठी चिठ्ठी आणि एकदोन नावंही त्याच वेळी मागून घे.