बाबांची सिटी एवढ्यात विकू नकोस

अरे,

मेसेज वाचला तुझा. बाबांनी २०१४ ची होंडा सिटी तुझ्या नावावर करून दिली आणि आता घरातले सगळे म्हणायलेत की विकून टाक, एखादी एसयूव्ही घे, हप्ता काय फिटतो हळूहळू. मला विचारशील तर नको. एसयूव्ही वाईट म्हणून नाही रे, पण तुझं फिरणं किती ते बघ की, रोजचं जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, मधून अधून अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, दिवाळीला पुणे. त्याला ती गाडी लई झाली. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, त्याला ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ऑइल वेळेवर बदललं की ते इंजिन सहसा दगा देत नाही. जुन्या गाडीला खर्च निघतो तो बहुतेक इंजिनाच्या आजूबाजूच्या रबरात आणि प्लास्टिकमध्ये, आणि आपल्या उन्हात तर आधी तेच जातं.

त्यामुळं पहिलं लक्ष कूलंटकडं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याकडं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला उभा राहतोस तेव्हा रेडिएटर आणि त्याचा फॅनच गाडी वाचवत असतात. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, मग जिथं तिथं बोअरचं पाणी, आणि एखादा गॅरेजवाला पोरगा सहज जग उचलून तेच रेडिएटरमध्ये ओततो. ते ओतू द्यायचं नाही. क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसत जातो, वरून काही कळत नाही, आणि एके दिवशी मोहोळच्या पुढं टेंपरेचरचा काटा वर चढतो, तशीच दामटली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं म्हणून समज, मग बिल हजारांच्या पटीत. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं, कंपनीच्या काउंटरवरून एक कॅन आणून डिकीत टाकून ठेव. रबरी होज पाईप गाडी गार असताना हातानं दाबून बघ, कडक किंवा भेगाळलेले वाटले तर बदल, स्वस्तातलं काम आहे. गाडी धुवायलाही बोअरचंच पाणी असतं, तर धुतल्यावर लगेच पुसून घे, नाहीतर काचेवर ते पांढरे डाग बसतात आणि मग काय केल्या जात नाहीत.

टायर बघितलेस का? नक्षी चांगली दिसती म्हणून बरेचजण तेच चालवत राहतात. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच-सहा वर्षांच्या पुढचा असला तर पुणे हायवेला उन्हाळ्यात नेऊ नकोस, आणि हवा सकाळी टायर गार असतानाच चेक कर, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जेवढी लिहिली तेवढी. कमी हवेचा टायर जास्त तापतो, फुटतो तो बहुतेक वेळा त्यामुळंच.

खालून खडखड येत असेल तर घाबरायचं काही नाही, सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा रबरी बुश असतील. मेकॅनिक म्हणाला की शॉकअप, स्टिअरिंगचा रॅक सगळंच बदलू, तर आधी एकच बदलायला सांग आणि चालवून बघ. जुना पार्ट मागून घ्यायचा, लाजायचं नाही त्यात. ब्रेक ऑइल मात्र दोन वर्षांनी बदलच, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, ह्याच्याकडं कुणीच बघत नाही. उंदीर वायरी कुरतडतात त्याचं विचारलं होतंस. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेव म्हणतात लोक, पण सोलापूरचा उंदीर तो, तंबाखूला काय घाबरणार! गाडी रोज थोडी हलव आणि मागच्या सीटवर शेंगाचटणीची पिशवी विसरू नकोस, एवढं बास.

ई-२० पेट्रोलची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भीती पण तुझ्या डोक्यात कुणीतरी घातलेली दिसायली. होंडानं २०२५ मध्ये सांगितलंय की २००९ पासूनच्या त्यांच्या गाड्यांचे पार्ट ई-२० ला चालतात. ॲव्हरेज थोडं कमी मिळणार, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलएवढी ऊर्जाच नसते, त्यासाठी गाडी विकायची गरज नाही. आणि होंडाच्या साइटवर १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून एकदा बघ, एखादं रिकॉलचं काम, म्हणजे सदोष पार्ट बदलायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्या होत्या ते, राहिलं असेल तर फुकटात करून देतात.

कागदाचं आज उद्या करू नकोस. आरसी नावावर झाली, पण इन्शुरन्स केलास का? चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. बाबांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, बाबांकडंच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, तुझा शून्यापासून सुरू, पहिल्या वर्षाला २० टक्के आणि सलग पाच वर्षं क्लेम नसला की ५० टक्के. म्हणून नवी पेठेत कुणी बाईक घासून गेला तर क्लेम टाकायच्या आधी हिशोब कर, बऱ्याचदा पेंटरला पैसे देणं परवडतं.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील त्या पॉलिश करून घे. गाळप हंगामात पंढरपूर रोडला रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, तिथं ब्रेक लागायच्या आधी दिसायला तर पाहिजे.

आता विकायचं कधी. २०२९ ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरटीओला गाडी दाखवून पाच वर्षांचं रिन्यूअल घ्यावं लागतं, त्याची फीच पाच हजार आणि वर पर्यावरण कर. ठरवायचं तेव्हा ठरव. त्याच्या सहा महिने आधी पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, असलेल्या गॅरेजला नेऊन खालून बघ, कोकणातल्या गाड्यांसारखा गंज इथल्या कोरड्या हवेत सहसा लागत नाही, पण दारांच्या खालच्या कडा आणि डिकीत स्टेपनीखाली हात फिरवून बघायचा, तिथं पाणी साचतं. पत्रा धड असला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब, बरोबर आलं तर फी भर आणि चालव, नसेल तर तेव्हा विक. बिलं मात्र आजपासूनच एका फाईलला लाव, दोन्ही वेळेला लागतील.