मान दुखत नसताना मानेचं ऑपरेशन कशाला?

तुम्ही लिहिलंय की ६८ वर्षांच्या आईच्या मानेतल्या लिगामेंटमध्ये कॅल्शियमचे स्फटिक साचलेत, मज्जारज्जूवर दाब आलाय आणि डॉक्टर ऑपरेशन सुचवतायत. पण मान फारशी दुखत नाही, म्हणून घरचे थांबू म्हणतायत. कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का, हेही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या आईला हेच झालं होतं. म्हणून सगळ्यात आधी सांगते: मान दुखते की नाही यावरून काही ठरवू नका. हात आणि पाय बघा, मज्जारज्जूवरचा दाब तिथे दिसतो.

आमच्या आईचीही मान दुखत नव्हती. तिची भाकरी बिघडली. उभा जन्म भाकऱ्या थापलेली बाई, पण कडा जाड राहायला लागल्या, तव्यावर टाकताना भाकरी तुटायला लागली. मग ब्लाउजचे हुक लागेनात, निऱ्या हातातून सुटायला लागल्या. रात्री उठली की भिंत धरून चालायची. एक दिवस देवळातून आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. हा प्रश्न मी रोज पेशंटना विचारते, चप्पल निसटते का आणि निसटलेली कळते का. घरात मात्र ‘वय झालं, मणक्यात गॅप असेल’ म्हणत सहा महिने घालवले. ते मला अजून लागून आहे.

आता आत काय होतं ते सांगते. मणक्यांच्या मागच्या कमानी एकमेकींना जोडणारा एक पिवळसर अस्थिबंध असतो, लिगामेंटम फ्लेवम. त्यात इलॅस्टिन भरपूर, त्यामुळे मान वाकवली की तो ताणला जातो आणि सरळ केली की पूर्ववत होतो. त्याच्या पुढ्यातच मज्जारज्जू. या अस्थिबंधात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साचून गाठ झाली की ती मागून मज्जारज्जूला दाबते. असे रुग्ण बहुतेक वयस्क, त्यात बायका जास्त, आणि याबद्दलचं बरंचसं वैद्यकीय लिखाण जपानमधून आलेलं आहे. गुडघ्यात याच स्फटिकांमुळे अचानक सूज आली तर त्याला स्यूडोगाउट म्हणतात. १९६२ मध्ये अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यातल्या पाण्यात ते ओळखले. आमच्या आईचा गुडघा ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी टम्म सुजला तेव्हा आम्ही घाबरलो होतो. पाणी काढून तपासलं तर तेच स्फटिक. ऑपरेशनच्या ताणानंतर असा झटका येऊ शकतो, तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

फक्त एमआरआय झाला असेल तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. एमआरआयवर मज्जारज्जूची अवस्था उत्तम कळते, पण कॅल्शियम तिथे काळंच दिसतं आणि लिगामेंटही काळंच. सीटीवर त्या गाठी पांढऱ्या, गोलसर, कमानीच्या हाडापासून सुट्या दिसतात. मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूच्या लिगामेंटचं हाड होणं हा वेगळा आजार आहे. त्याचं ऑपरेशनही वेगळ्या विचाराने करावं लागतं, म्हणून आईला नेमकं कुठलं आहे ते स्पष्ट विचारून घ्या.

गोळ्यांचं म्हणाल तर खाण्यातल्या किंवा गोळ्यांतल्या कॅल्शियममुळे हे स्फटिक होतात असं नाही. मूळ बिघाड पायरोफॉस्फेटचा, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या एका फॉस्फेटचा असतो. हाडं ठिसूळ म्हणून गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र तपासून घ्यायला सांगा, कारण कधीकधी मूळ दुखणं तिथे सापडतं. साचलेले स्फटिक विरघळवणारं औषध आज नाही. कोल्चिसिन किंवा सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी ठणका कमी होतो, दाब कमी होत नाही.

घरी एक करून बघा. आईला मूठ मिटायला आणि पूर्ण उघडायला सांगा, जमेल तितक्या जलद, १० सेकंद. साधारण २० वेळा जमायला हवं. आमच्या आईचं ११ वर अडलं होतं. डॉक्टर हातापायांची ताकद, संवेदना, लघवीवरचा ताबा यांना मिळून १८ पैकी गुण देतात. १५च्या खाली आले तर ऑपरेशनच सुचवलं जातं. १५ ते १७ असतील तर बारीक लक्ष ठेवून थांबण्याचाही पर्याय असतो, तो तुमच्या सर्जनशी मोकळेपणाने बोला. ऑपरेशनमध्ये मागून कमानी उघडून ती खडूच्या लगद्यासारखी गाठ काढतात. आमच्या आईचे हात तीन महिन्यांत बरेच सुधारले. भाकरी पुन्हा गोल होते. पायांचा तोल पूर्ण आला नाही, आणि ते सहा महिने वाया गेले नसते तर आला असता असं मला वाटतं.

तोवर मानेला मालिश नको, मान कडाकडा मोडून देणारा कुणीही नको, अगदी माझ्या व्यवसायातला असला तरी. बाथरूममध्ये खाली रबरी मॅट आणि धरायला दांडी बसवा, रात्रभर छोटा दिवा ठेवा, कारण या अवस्थेत साधं घसरून पडणंही हातपाय लुळे करू शकतं. आणि लघवी अडली, नकळत झाली किंवा चालणं चार दिवसांत एकदम बिघडलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या.