जुन्या, स्वस्तातल्या गाडीने रस्त्यात केलेली तुमची सर्वांत मजेशीर फजिती कोणती?

आमची १९९७ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली). चौथे मालक आम्ही, त्यामुळे स्वस्तात पदरात पडली. सकाळी चोक ओढल्याशिवाय उठायची नाही, पण एकदा उठली की कुरकुर नाही.

बायकोच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूला. नौपाड्यातून निघालो. शेजारी सासरे, मागे बायको आणि सासूबाई, सासूबाईंच्या मांडीवर पेढ्यांचे बॉक्स. कापूरबावडीला सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. इंजिन आपलं स्लोवर, म्हणजे रेस न देता चालतं तसं, फुरफुरतंय, गाडी ढिम्म. मागचे हॉर्न ऐकत सासऱ्यांनी आणि मी ती ढकलून कडेला घेतली.

बोनेट उघडलं तर ॲक्सिलरेटरची केबल तुटलेली. या केबलचं काम तसं साधं असतं. कार्बोरेटरवर एक छोटा लिव्हर असतो, तो ओढला की रेस वाढते, सोडला की स्प्रिंग त्याला मागे आणते. म्हणजे ओढायला काहीतरी हवं, बस. पेढ्यांच्या बॉक्सची सुतळी बांधून पाहिली, पहिल्याच झटक्यात तुटली. तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे पिशवी उघडली, कार्यक्रमात घालायला आणलेला कोरा लेंगा काढला आणि त्याची नाडी ओढून माझ्या हातात दिली. मागून सासूबाई फक्त "अहो!" एवढंच म्हणाल्या.

नाडी लिव्हरला बांधली, बोनेट नुसतं खटक्यावर अडकवलं आणि फटीतून दुसरं टोक डावीकडच्या खिडकीत आणलं. लांबी जेमतेम. सासऱ्यांना हात कोपरापर्यंत बाहेर काढून बसावं लागलं. आता क्लच, ब्रेक, गिअर माझ्याकडे आणि रेस त्यांच्याकडे. माणसाने जन्मात गाडी चालवलेली नाही. मी "बाबा, रेस!" म्हटलं की ते दचकून पूर्ण ओढायचे, "बाबा, सोडा!" म्हटलं की "काय सोडू?" असं विचारायचे. तोवर मी गिअर बदलायला क्लच दाबलेला असायचा आणि इंजिन बोंबलत असायचं.

मानपाड्याच्या अलीकडे एक रिक्षावाला बाजूला आला. त्याने नाडी पाहिली, सासऱ्यांचा हात पाहिला आणि विचारलं, "काका, पतंग उडवताय काय?"

त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. कारण सासरे लहानपणी पतंगबाज! मी लगेच भाषा बदलली. "बाबा, खेचा... हळू... आता ढील द्या." अहो, काय सुधारणा! फर्स्टवरून सेकंडला गाडी लोण्यासारखी. पातलीपाड्याला तर मी सांगायच्या आधीच त्यांनी ढील दिली, पुढे बस थांबली होती. सासूबाईंना मात्र ते झोंबलं. "चाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीत, जावयाचं बरं ऐकता!" सासरे वळलेसुद्धा नाहीत, नजर रस्त्यावर.

वाघबीळ मागे टाकून सर्व्हिस रोडने सेकंडवरच हॉलला पोहोचलो. तिथे खरा पेच. नाडी गाडीला ठेवावी तर लेंगा घालता येत नाही, लेंग्यात ओवावी तर घरी कसं जायचं? ती कार्बोरेटरला मारलेली गाठही आता सुटेना. शेवटी सासरे वर रेशमी झब्बा, खाली ऑफिसची राखाडी पँट अशा थाटात स्टेजवर गेले. व्याह्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "नाडी गाडीत आहे." पुढे काही स्पष्टीकरण नाही.

(हे धाडस ड्राइव्ह-बाय-वायर, म्हणजे पेडलचा इशारा विजेच्या तारेतून जाणाऱ्या गाड्यांत जमणार नाही, तिथे ओढायला केबलच नसते. आणि हायवेला तर कुठल्याच गाडीत करू नका.)

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक केबल बदलताना हसून हसून लोळला. म्हणाला, "नाडी कशाला? स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवायची, फर्स्ट-सेकंडवर आरामात आला असतात." सासऱ्यांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.