जुन्या लष्करी निसान ट्रकला घरीच डिझेल इंजिन बसवता येईल का?

साताऱ्यात राहून, लिलावात घेतलेल्या जबलपूर कारखान्याच्या निसान एक टनी ट्रकचे पेट्रोल इंजिन बदलून डिझेल बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी आधी घ्यावी. खरी कसोटी अडॅप्टर प्लेटची, म्हणजे नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या मधल्या धातूच्या पट्टीची असते. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची फिरकी आत घेणारा दांडा) एका रेषेत नसतील तर पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे छोटे बेअरिंग, लवकर जाते, म्हणून डायल गेज (अगदी बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावून, फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाचे जड चाक, हाताने सावकाश फिरवत काट्याची हालचाल पाहावी आणि मगच बोल्ट कसावेत. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) पेट्रोलसारखा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, तयार होत नाही. त्यामुळे ब्रेक बूस्टर (ब्रेकवरचा पायाचा दाब वाढवणारा भाग) व्हॅक्यूमवर चालणारा असल्यास स्वतंत्र पंप बसवावाच, यवतेश्वरचा घाट उतरायचा असेल तर यात तडजोड करू नये.