गाडीचे ४२ हजार आणि पॉलिसीचा चौथा हप्ता

कळंब्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. मोठं आहे, कामापुरतं देतो.

‘वय ४१. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ५५ हजार येतात. घरी बायको आणि दोन मुलं, आई गारगोटीला असते. घराचं कर्ज अजून १४ लाख आहे. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. तीनेक वर्षं झाली, गाडी डावीकडे ओढते, खड्ड्यात पुढून खडखड वाजते, पुढचे टायर आतल्या बाजूनं खाल्ले जातात. दर तीन महिन्यांनी अलाइनमेंट करतो, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आता उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्यानं पूर्ण सस्पेन्शनचं ४२ हजारांचं कोटेशन दिलंय. मित्र म्हणतात, जुन्या गाडीत एवढे घालू नको, जीएसटी कमी झालाय, नवी घे. बोनसचे ४० हजार आहेत. फेब्रुवारीत भिशीचे १ लाख येतील, पण ते पॉलिसीच्या हप्त्याला लागतात. तशी पैशाची काळजी नाही. बँकेतल्या मॅडमनी २०२३ मध्ये वर्षाला १ लाखाची पॉलिसी करून दिली आहे, पाच वर्षं झाली की डबल मिळणार, त्यातून नवी गाडी घ्यायचीच आहे. मागचा हप्ता सोनं ठेवून भरला. तर तोवर गाडीत ४२ हजार घालू का?’

गाडीत पैसे घाला, पण ४२ हजार नाही, ३२ हजारांच्या आसपास. नवी गाडी आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मला खरी काळजी त्या प्रश्नाआधीच्या तुमच्या तीन वाक्यांची वाटते. तरी आधी गाडीचं मिटवू.

अलाइनमेंटचं मशीन चाकांचे कोन मोजतं, आणि तेही गाडी उभी असताना. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत त्यातला टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, तेवढा टाय रॉड फिरवून जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे कलण्याचे बाकीचे दोन कोन, हलले असतील तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. लोअर आर्मचं, म्हणजे चाक खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश फाटलं असेल, बॉल जॉइंट ढिला असेल, तर मशीनवर बरोबर लावलेला टो पहिल्या ब्रेकलाच जागचा हलतो. तुम्ही दर तीन महिन्यांनी ६०० रुपये देऊन ढिल्या सांध्यांवर माप लावून घेत होता. टायरवाल्यानं पहिल्याच वेळी चाक वर उचलून हलवून पाहायला हवं होतं आणि ‘आधी बुश बदला’ म्हणायला हवं होतं.

याचा हिशोब करा. दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून टो ३ मिलिमीटर चुकला, तर प्रत्येक टायर किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवा घासतो. तुमचं फिरणं वर्षाला १० हजार किलोमीटरचं आहे, म्हणजे टायर वर्षाला २५ किलोमीटर आडवा फरफटला. म्हणून तुमची पुढची जोडी १५ हजार किलोमीटरला संपते. नीट लावलेल्या गाडीत ती ४० हजार सहज जाते. तीन वर्षांत टायरच्या दोन जोड्या, २० हजार. बारा अलाइनमेंट, ७ हजार. एवढे पैसे घालूनही गाडी अजून डावीकडेच ओढते आहे. वर आठवड्याला कळंबा ते गारगोटी, बिद्रीजवळ गळितात उसाच्या ट्रॉल्या, त्यांना ओलांडताना गाडी हातात असायला हवी. ढिल्या बॉल जॉइंटवर मुलांना बसवून तो रस्ता करू नका. हा खर्च फेब्रुवारीपर्यंत लांबवायचा नाही.

नवी गाडी? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, ते खरं. पण स्वस्त झालेली गाडीही रस्त्यावर येईपर्यंत तुमच्या पसंतीच्या मॉडेलला ९ लाखांच्या घरात जाते. जुनीचे ३ लाख धरले तरी ६ लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिन्याला १२,६०० रुपये आणि दीड लाखावर व्याज. मागच्या हप्त्याला सोनं ठेवावं लागलं त्या घरात हा हप्ता बसत नाही. तुमच्या गाडीची आरसी २०३१ पर्यंत आहे. ३२ हजारांची दुरुस्ती चार वर्षं चालली तर वर्षाला ८ हजार पडले. मित्रांना हा आकडा दाखवा.

आता पॉलिसी. तुम्ही पहिल्या पानाचा आणि फायद्याच्या तक्त्याचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. त्यावर स्वच्छ लिहिलंय : हप्ते १२ वर्षं, मुदत २० वर्षं, विमा रक्कम १० लाख, मुदतीअखेर सुमारे २५ लाख. पाच वर्षांचा उल्लेख कुठेही नाही. २०२८ मध्ये तुम्हाला डबल काय, भरलेले ५ लाखसुद्धा मिळणार नाहीत. डबल मिळणार आहे, पण १२ लाखांचे २५ लाख, आणि तेही २०४३ मध्ये, तुमच्या साठीच्या आसपास. तेव्हा तुमची आत्ताची गाडी भंगारात गेलेली असेल.

‘मार्केट चांगलं आहे, म्हणून डबल होईल’ असं मॅडम म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. या पॉलिसीचा मार्केटशी संबंध नाही. ही पारंपरिक पॉलिसी आहे, आकडा कागदावर ठरलेला आहे आणि त्याचा परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास बसतो. हेच पैसे १२ वर्षं पीपीएफमध्ये टाकून पुढे आठ वर्षं तसेच ठेवले असते, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ३३ लाखांच्या वर गेले असते. मधला फरक ८ लाखांचा, म्हणजे जवळजवळ एक नवी गाडी. या एका सहीची तुम्ही दिलेली किंमत तेवढी आहे, आणि ती तुम्हाला कुणी सांगितली नाही. असं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्या बँकेत पगार जमा होतो तिच्या काउंटरवर माणूस समोरच्यावर विश्वास टाकतो, त्याच विश्वासावर ही विक्री होते.

तक्रार जरूर करा. आधी विमा कंपनीकडे लेखी, मग आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर, तरीही दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. कोल्हापूर त्यांच्या हद्दीत येतं, फी नाही, वकील लागत नाही. पण खोटी आशा धरू नका. तोंडी दिलेल्या ‘पाच वर्षांत डबल’चा पुरावा तुमच्याकडे नसेल आणि कागदावर तुमची सही असेल, तर निकाल तुमच्या बाजूनं लागणं अवघड आहे. फ्री-लूकची, म्हणजे नवी पॉलिसी परत करण्याची, मुदत कधीच गेली. पुढे काय करायचं ते तक्रारीच्या भरवशावर ठरवू नका.

आता रागाच्या भरात पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधी मोडायला जाल, म्हणून थांबवतो. तुमची पॉलिसी जुन्या नियमातली आहे. तीन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर किंमत भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के, म्हणजे तीन लाखांतले १ लाख हातात. ते पीपीएफच्या दरानं १७ वर्षं वाढले तर सव्वातीन लाख होतात. त्याऐवजी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून ती न मोडता घटलेल्या रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवली, तर तक्त्यावरून ढोबळ ५ लाख २०४३ मध्ये मिळतात. तुटलेलं बुश गाडीत राहू देऊ नये, पण पेड-अप पॉलिसी कपाटात राहू द्यावी. तिला आता काही खायला घालावं लागत नाही.

मग चौथा हप्ता भरून पुढे चालू ठेवली तर? प्रामाणिक हिशोब असा : आणखी ९ लाख भराल, त्याबद्दल पेड-अपपेक्षा २० लाख जास्त मिळतील. ते सहा टक्क्यांच्या आसपास पडतं. पहिल्या तीन वर्षांचं नुकसान झालेलंच आहे, म्हणून उरलेला परतावा थोडा बरा दिसतो. ज्याच्याकडे पैसे पडून आहेत त्यानं चालू ठेवली तर मी फार भांडणार नाही. तुमच्याकडे पडून नाहीत. तुम्ही ११ टक्क्यांनी सोनं ठेवून सहा टक्के कमावताय. वहिनींच्या पाटल्या बँकेत आणि पॉलिसीची फाइल घरात, ही अदलाबदल मार्चमध्ये पुन्हा करायची नाही.

आणि ज्यासाठी विमा घ्यायचा तेच यात नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर घरी १० लाख येतील. पीएफसोबत मिळणाऱ्या ईडीएलआय या विम्यातून जास्तीत जास्त ७ लाख. घराचं कर्जच १४ लाख आहे. ते फेडून वहिनींच्या हातात ३ लाख, दोन मुलं आणि गारगोटीला आई. वर्षाला १ लाख भरणाऱ्या माणसाच्या घरची ही स्थिती आहे. पत्र वाचल्यापासून हेच डोक्यात आहे.

साठीपर्यंतचा १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला २२ हजारांच्या आसपास मिळावा. आयुर्विम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय. नव्या गाडीच्या जाहिरातीत तुम्हाला जीएसटी दिसला, इथला कुणी सांगितला नसेल, कारण यात विकणाऱ्याला फार मिळत नाही. ‘काहीच परत मिळत नाही’ म्हणून टर्म नाकारू नका. गाडीचा विमा दर वर्षी भरता, गाडी ठोकली नाही म्हणून पैसे मागायला जात नाही. अर्जात फौंड्रीतलं काम, बीपी-शुगर, सगळं खरं लिहा. क्लेमच्या वेळी वहिनींना उत्तरं द्यावी लागू नयेत.

क्रम मात्र चुकवू नका. पेड-अप झाली की विमा रक्कमही घटून अडीच लाखांच्या आसपास येते. म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात पडली की मगच मार्चचा हप्ता थांबवायचा. वैद्यकीय तपासणीत वेळ गेला तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्याआधी विमा कंपनीच्या शाखेत, बँकेत नव्हे, अर्ज देऊन पेड-अप किंमत लेखी मागा. माझा ५ लाखांचा आकडा ढोबळ आहे, त्यांचा पक्का असेल. तो ४ लाखांच्या खाली आला तर मला कळवा, मग सरेंडरचा हिशोब पुन्हा मांडू.

पैसे असे लावा. बोनसच्या ४० हजारांतून गाडीचे ३२. टर्मचा पहिला हप्ता आधी भरावा लागला तर उरलेले ८ आणि पगारातून थोडे. तेवढे भिशीतून परत घ्या. भिशीच्या १ लाखातले उरतील ते सगळे, ७५-७८ हजार, सोन्याच्या कर्जात. व्याज धरून ३०-३५ हजार राहतील ते भिशीला जाणाऱ्या महिन्याच्या रकमेतून पाच-सहा महिन्यांत फिटतील. पाटल्या घरी आल्या की तीच रक्कम आधी तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी बाजूला पडू दे, मग पीपीएफ. नव्या गाडीचा विषय त्यानंतर, आणि तेव्हा निम्मे पैसे हातात असतील तरच.

शनिवारी उद्यमनगरात जाल तेव्हा कोटेशन सोबत न्या. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांचे माउंट, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, टाय रॉड एंड, मागचे शॉक, मजुरी, शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, हे ठेवा. अंडरबॉडी कोटिंग, इंजिन फ्लश, एसी ट्रीटमेंट, नायट्रोजन हे १० हजार खोडा. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. दर आठवड्याला हवा तपासा, तेवढं पुरे. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळू देऊ नका. चारही चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर नव्या बुशचं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जुने सुटे भाग डोळ्यांसमोर ठेवायला सांगा. अलाइनमेंट सगळं बसवून झाल्यावरच.

मग हायवेच्या सपाट पट्ट्यावर चालवून पाहा. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे गेली तर तो दोष नाही. स्पष्ट ओढली तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. मशीनची कामाआधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागून घ्या. नंतरच्या प्रिंटमध्ये टो कंपनीच्या मापात आला नसेल तर पैसे देण्याआधी पुन्हा लावून घ्या, आणि विमा कंपनीचं पेड-अपचं पत्र आलं की मला पाठवा.